एकाच बोटाची अंगठी

"मी काय मधे बोलणार नाय हां," असं काकींनी म्हटलं की आमच्या मजल्यावरची माणसं हातातलं काम बाजूला ठेवायची. आता त्या मधे बोलणार आणि बराच वेळ बोलणार, हे सगळ्यांना पाठ होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण जुंपलं की मागच्या खुर्चीवरून हे वाक्य हमखास यायचं. सेक्रेटरी हात जोडून म्हणायचे, "काकी, मग नका ना बोलू." "नाय बोलत," असं म्हणत काकी उभ्या राहायच्या आणि टाकीपासून सुरू करून सेक्रेटरींच्या लग्नात वरणाला मीठ कसं नव्हतं इथपर्यंत येऊन पोचायच्या.

अशी एखादी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. नसेल, तर तुमची बिल्डिंग फार शांत असणार आणि मला तुमची थोडी कीव येते.

आम्ही दहिसरचे. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा काकींनी बिल्डरच्या ऑफिसात ठाण मांडून माझ्या शेजारचाच फ्लॅट मिळवला. टॉवरमध्ये सगळ्यांची दारं बंद झाली, पण काकींना बेल वाजवणं काही जमलं नाही. जाळीच्या दाराला तोंड लावून त्या ओरडायच्या, "आहेस का गो?" त्यांचे यजमान आधी गिरणीत, मग कुठेकुठे वॉचमन होते. मुलगा शाळेत असतानाच ते गेले. काकी अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. नंतरही कुणाच्या घरात गोळ्यांचं पाकीट दिसलं की त्या आधी ते उलटून तारीख बघायच्या, मग त्या घरच्यांची चौकशी करायच्या.

मुलगा मंदार कॅनडात. मुलगा चांगला आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. मलाही आला. त्याला आईला 'नाही' म्हणता येत नव्हतं, एवढाच त्याचा दोष. त्या घरात 'नाही' म्हणायचं खातं पहिल्यापासून काकींकडेच होतं.

काकींच्या बहिणीनं मुलुंडचं स्थळ आणलं. मुलगी स्नेहल, फिजिओथेरपिस्ट, घाटकोपरच्या एका दवाखान्यात नोकरी. मंदार सुट्टीवर आला, तिला भेटला, पुन्हा एकदा बाहेर भेटला आणि म्हणाला, "चालेल." हा शब्द तेव्हाच खटकायला हवा होता म्हणा. पण आपल्याकडची मुलं आवडत्या आइस्क्रीमलाही 'चालेल'च म्हणतात. पत्रिका जुळली, बोलणी झाली. मे महिन्यात त्याला पुन्हा रजा मिळणार, तेव्हा साखरपुडा करायचा असं ठरवून तो परत गेला.

आणि स्नेहल यायला लागली. पहिल्यांदा आली ती होणाऱ्या सासूला भेटायला म्हणून. मग काकींचा गुडघा बघायला आली. त्यानंतर ती दर रविवारी मुलुंडहून बस बदलत का येते, हे कुणी विचारलं नाही. तिला आई होती, चांगली धडधाकट, बँकेत नोकरी करणारी. आईविना पोर आणि पोरीविना आई असला काही प्रकार नव्हता. दोघींना एकमेकींबरोबर मजा यायची, बस्स.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा आणि आकडे मोजायचे, असा काहीतरी तो व्यायाम होता. काकी मोजताना सर्रास चोरी करायच्या. "तीन, चार, सात..."

"काकी, पाच-सहा कुठे गेले?"

"ते गावाक गेले."

मग स्नेहल परत एकपासून सुरू करायला लावायची आणि काकी निमूटपणे करायच्या. मी थक्क व्हायचे. या बाईला परत एकपासून सुरू करायला लावणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं. बदल्यात काकी तिला आंबोळ्या शिकवायच्या. स्नेहलची आंबोळी तव्याला अशी काही चिकटायची की सुटायचं नाव नाही. काकी उलथणं तिच्या हातात देऊन म्हणायच्या, "आता ह्या तव्यालाच व्यायाम दे, सुटला तर सुटला."

मार्चमध्ये अंगठी करायची ठरली. मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी करायची, बोटाचं माप मागवून घ्यायचं आणि साखरपुड्याला ती एकदम तिच्यासमोर आणायची, ही आपली रीत. काकींना ते पटेना. "घालणार ती आणि बघणार आम्ही, हे कसलं?" असं म्हणून त्या स्नेहललाच घेऊन बोरिवलीच्या एका सराफाकडे गेल्या. मला साक्षीदार म्हणून नेलं. मंदार व्हिडिओ कॉलवर होता, त्याच्याकडे सकाळ होती.

"आई, सॉलिटेअर घे," तो म्हणाला. "आता सगळे तेच घेतात. एकच खडा, वर उचललेला."

काउंटरवरच्या माणसानं तशी अंगठी काढून दिली. चार बारीक नख्यांनी खडा वर धरलेला, लखलखीत. स्नेहलच्या बोटात दिसत होती छान, खोटं कशाला बोला. काकींनी मान हलवली. मग त्या तिथल्या गोल स्टुलावर बसल्या, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि म्हणाल्या, "दाब बघू."

"काकी, इथे?"

"इथे नायतर कुठे? तू दिवसभर लोकांच्या पाठी दाबतेस ना? मग दाबून बघ."

स्नेहलनं ओशाळून इकडेतिकडे बघितलं आणि दाबला गुडघा. काकी ओरडल्या, "आई गं! टोचता मेला!" बाजूला मंगळसूत्र बघत बसलेलं एक कुटुंब उठून दुसऱ्या काउंटरला गेलं. फोनमध्ये मंदारनं डोक्याला हात लावला होता.

मग सोन्याच्या कडीत खडा पूर्ण बसवलेली एक अंगठी आली. ती टोचत नव्हती, पण काकींना बटणासारखी दिसली. तिसरी अंगठी होती पट्टीची. सोन्याच्या दोन कडांमध्ये बारीक खडे एका ओळीत सपाट बसवलेले, वर काहीच आलेलं नाही. गुडघ्याची परीक्षा ती पास झाली. पण खडे फक्त पुढच्या अर्ध्या भागात होते आणि मागे साधं सोनं. स्नेहलची बोटं बारीक. तिनं हात झटकला की अंगठी फिरायची आणि साधी बाजू वर यायची.

काकींनी ती सरळ केली, ती पुन्हा फिरली. मग म्हणाल्या, "ह्यांनी मला एक लाल खड्याची केली होती. काम करताना खडा सारखा तळव्याकडे जायचा. जन्मभर सरळ करत बसले मी ती. हिला ते नको." आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, "पूर्ण गोल खडे लावा. कशी पण फिरू दे, सगळीकडून सारखी दिसली पाहिजे."

तो म्हणाला, "मावशी, करून देतो, पण एक सांगतो. पूर्ण गोल खड्यांची अंगठी नंतर लहानमोठी करता येत नाही. कापून जोडायला सोनं मोकळंच राहत नाही ना. अर्धी घ्या. उद्या बोट जाड झालं, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यायची झाली तर..."

"दुसऱ्या कोणाक कित्याक देवची?" काकी कडाडल्या. रागावल्या की त्या थेट मालवणात पोचायच्या. "हिच्याच बोटाची करा."

"काकी, अर्धीच घेऊ या ना," स्नेहल म्हणाली.

"मी काय मधे बोलणार नाय हां," काकी म्हणाल्या आणि पूर्ण गोल अंगठीची ऑर्डर दिली. "आई, तुम्ही दोघी बघा काय ते," मंदार म्हणाला. त्याला मागून कुणीतरी हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

अंगठी एप्रिलमध्ये आली. काकींनी ती अख्ख्या मजल्याला दाखवली, पण बोटात कुणाला घालू दिली नाही. "बघायची डोळ्यांनी. हात लावायची ती वस्तू नाय." स्नेहललासुद्धा एकदा माप बघायला घालायला दिली आणि लगेच काढून घेतली. साखरपुड्याआधी घालायची नाही म्हणून. बोटात ती अशी बसली होती की काढताना स्नेहलच म्हणाली, "राहू दे ना काकी थोडा वेळ."

मंदारचा फोन आला तेव्हा मी काकींचं पातेलं परत द्यायला गेले होते. फोन स्पीकरवर होता. काकींना कानाला लावायला आवडत नसे. तो आधी हवेबद्दल बोलला, मग रजेबद्दल, आणि मग म्हणाला, "आई, मला हे लग्न नाही करता येणार." तिकडे त्याच्याबरोबर काम करणारी इंदूरची एक मुलगी होती. दोघं केव्हापासून एकत्र राहत होते. सुट्टीवर आला तेव्हा सांगणार होता, पण आईचा उत्साह बघून धीर झाला नाही. नंतर सांगू म्हणता म्हणता अंगठीसुद्धा झाली.

मी काकींच्या तोंडाकडे बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. जन्मभर दुसऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर बोललेली बाई स्वतःच्या घरात शब्द काढेना. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही. आई... तू सांगशील का?"

तो समोर असता तर त्याच्या कानाखाली काढली असती मी. काकी म्हणाल्या, "सांगते," आणि फोन ठेवला. मग माझ्या हातातलं पातेलं घेऊन त्यांनी ते धुतलेलं असूनही पुन्हा घासायला घेतलं.

मुलुंडला मी त्यांच्याबरोबर गेले. कुणाच्या घरी त्या रिकाम्या हातानं गेलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, सगळं उभ्यानंच सांगितलं. मुलाची बाजू घेतली नाही, स्वतःचीही नाही. स्नेहलची आई संतापली आणि का नाही संतापायचं? सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं, हॉल बघून झाला होता. "तुमच्या मुलाला आमची मुलगी म्हणजे काय खेळणं वाटली?" त्या म्हणाल्या. काकी प्रत्येक वाक्याला "होय" म्हणत होत्या. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडत नव्हती, फक्त काकींकडे बघत होती.

मग काकी एकाएकी स्नेहलच्या आईच्या पाया पडायला वाकल्या. ती बाई त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान. ती घाबरून मागे सरकली. काकींचा गुडघा अर्ध्यावर अडकला, त्यांना खालीही जाता येईना आणि वरही येता येईना. स्नेहल पळत आली आणि तिनं त्यांना कोपराला धरून सरळ केलं.

"असं एकदम वाकायचं नाही, सांगितलंय ना काकी," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

रिक्षात बसल्यावर काकींना रडू फुटलं. "ती माका काकीच म्हणाली गो," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

मंदारनं तिकडेच रजिस्टर लग्न केलं. नंतर त्याचा फोन आला, की ती अंगठी पडूनच आहे तर हिच्या मापाची करून पाठव. सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता, नाही असं नाही. आम्ही पुन्हा बोरिवलीला गेलो. काउंटरवर तोच माणूस होता. त्यानं अंगठी बघितली, आमच्याकडे बघितलं आणि जे आधी सांगितलं होतं तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात.

"होत नाय ना?" काकींनी विचारलं. "नक्की नाय ना?"

"नाही होत, मावशी."

त्यांना केवढं बरं वाटलं ते मी बघितलं. त्यांनी सुनेच्या मापाची नवी अंगठी करायला टाकली. सॉलिटेअर, मंदारला हवी होती तशी. काकींनी सुनेच्या बाबतीत कधीच कसर ठेवली नाही, हेही लिहून ठेवायला पाहिजे. जुनी मात्र मोडली नाही. ती कपाटात गेली.

तुम्ही म्हणाल, स्नेहलचा विषय तिथे संपला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढच्याच रविवारी भिंतीपलीकडून काकींचा आवाज आला, "तीन, चार, सात..." आणि फोनमधून स्नेहलचा, "परत एकपासून." तिच्या घरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. मंदारलाही नाही. एकदा मी काकींना म्हटलं, "हे काय चाललंय तुमचं चोरून?" तर लाजल्या चक्क. "गुडघ्याचा आसा," म्हणाल्या.

आपल्याकडे नात्यांना नावांची काय कमी आहे? नणंदेच्या जावेलासुद्धा आपण काहीतरी म्हणतो. पण होता होता राहिलेल्या सुनेला काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काकी तिला नुसतं 'ती' म्हणायच्या. "तिचा फोन येऊन गेला." मला कळायचं.

पुढच्या वर्षी स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा. ती स्वतः सांगायला आली, तेव्हा काकींनी मला बोलावून घेतलं. एकट्यानं ऐकायचा धीर नसावा त्यांना. सगळं नीट विचारलं त्यांनी. घरात कोण कोण, सासूचा स्वभाव कसा, कामावर जाऊ देतील ना. मग उठून कपाटातून अंगठी आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ही तुझीच आसा. दुसऱ्या कोणाक येत नाय."

स्नेहलनं अंगठी उचलली नाही. "काकी, ही घातली तर रोज कुणीतरी विचारेल, कुणी दिली म्हणून. काय सांगू?"

काकींनी अंगठी उचलली. मग म्हणाल्या, "बरोबर आसा." अंगठी डबीत ठेवली, डबी मिटली. "आणि आता फोन पण करू नको."

"का?"

"नवीन घर. रविवारी सकाळी कोणाचा फोन, काय सांगशील? उगाच तुला खोटं बोलायला लागेल. माझा गुडघा आता बरा आसा."

बरा कसला? त्या दिवशी तिला लिफ्टपर्यंत सोडायला जाताना त्या भिंत धरून चालल्या होत्या. स्नेहल त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि काकी तिच्या पाठीवर थोपटत म्हणत राहिल्या, "जा, उशीर होईल, जा." लिफ्टचं दार बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता घराचं दार लावून घेतलं. याआधी काकींनी कधी दार लावून घेतल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

त्यानंतर सोसायटीच्या मीटिंगला त्या येऊन बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. सेक्रेटरींनाच करमेना. "काकी, काहीतरी बोला," असं ते म्हणायचे. रविवारी सकाळी माझं लक्ष भिंतीकडे जायचं. पलीकडे टीव्ही चालू असायचा.

दिवाळी झाली आणि काकींना ताप आला. साधा वाटला, पण छातीत उतरला. हॉस्पिटलात नेलं, मंदार विमानात असतानाच त्या गेल्या. मंदारची बायको चांगली निघाली. मोडक्या मराठीत सगळ्यांशी बोलत होती, दहा दिवस खाली चटईवर झोपली. आवराआवर करताना ती डबी तिच्या हाताला लागली. तिनं अंगठी बोटात घालून बघितली, सांध्याच्या पुढे जाईना. "आईंची एवढी बारीक बोटं होती?" तिनं मला विचारलं. मी मंदारकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. "पूर्वीची असेल," असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं डबी जपून बॅगेत ठेवली. घराला कुलूप लागलं आणि दोघं परत गेली.

स्नेहलला कुणी कळवलं नाही. माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. काकींच्या फोनमध्ये असेल म्हणून मी मंदारकडून तो मागून बघितला होता, पण काकींनी तिचा नंबर आधीच काढून टाकलेला. मुलुंडला जाऊन सांगायचं, तर त्या फोनांबद्दल तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

परवाच्या उन्हाळ्यात एका रविवारी बेल वाजली. दारात स्नेहल, हातात पेढ्यांचा बॉक्स. तिनं ठाण्याला स्वतःचा दवाखाना काढला होता. "आधी काकींना देणार होते, पण कुलूप दिसलं," ती म्हणाली. "फोन करू नको म्हणाल्या होत्या त्या. येऊ नको असं नव्हत्या म्हणाल्या." आणि हसली. "कॅनडाला गेल्यात का?"

मी तिला आत घेतलं, बसवलं आणि सांगितलं. ती पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसून राहिली. कधी, कसं, त्रास झाला का, एवढं विचारलं. मी पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही.

मग बॉक्स बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, उशिरा कळलं तर डोक्यावरून अंघोळ करतात ना?"

"हो," मी म्हटलं. "म्हणजे, घरचं माणूस असेल तर करतात."

बोलून गेले आणि जीभ चावली. ती खाली बघत होती. मग लहान मुलीसारखं तिनं विचारलं, "मी करू का?"

यावर शास्त्र काय म्हणतं मला ठाऊक नाही. कुणाला विचारायलाही मी गेले नाही. मी उठले, टॉवेल काढला, माझा एक धुतलेला ड्रेस काढला आणि गीझर लावायला गेले. ती मागून आली आणि तिनं बटण बंद केलं. थंडच पाणी घेते म्हणाली.

मी बाहेर बसले. आतून डोक्यावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या. मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला इतके दिवस नीट रडायला आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

ती बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं. माझा ड्रेस तिला ढगळ होत होता. चपला घालून ती तशीच निघाली. मी म्हटलं, "अगं, केस तरी पुस. घरी विचारतील, सासरच्या माणसांना काय सांगशील?"

"विचारू देत," ती म्हणाली. "सांगेन, घरचं माणूस गेलं."